तीट लावलेला कॅमेरा

लग्नाला, बारशाला बोरसेभाऊ आले की आम्हा बायकांची पंचाईत व्हायची. हा गृहस्थ समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही, थेट पदराकडे बघायचा. नवख्या माणसाला वाटावं, काय हा आगाऊपणा! पण भाऊंची नजर पदरावरच्या वेलबुट्टीत अडकलेली असायची. चष्मा कपाळावर चढवून, मान वाकडी करून ते पुटपुटायचे, "ही पानं बनारसची. काठ बंगळूरकडचा. मोर कोलकात्याचा, पण पाय दुसऱ्याच मोराचे लावलेत." मग एकदम भानावर येऊन म्हणायचे, "माफ करा हं ताई." तोवर त्या ताईंनी पदर खांद्यावरून गच्च लपेटून घेतलेला असायचा.

सुरतेत दिंडोलीला आमच्या सोसायटीत ते आमच्या समोरच्याच दारात राहायचे. राहायचे म्हणते, पण आजही तिथेच राहतात. मला 'होते' म्हणायची सवय लागली, कारण ज्या बोरसेभाऊंबद्दल मी लिहिते आहे ते आता फारसे दिसत नाहीत.

मूळचे धुळ्याकडचे. पर्वत पाटियाजवळ एका शेठकडे साड्यांची डिझाइनं काढायचे. आधी रंग आणि ब्रश घेऊन, नंतर कॉम्प्युटरवर. 'काढायचे' हा शब्द जरा मोठाच झाला. बाजारात दुसऱ्या कुणाची साडी खपायला लागली की मोठे शेठ तिचा फोटो आणून द्यायचे आणि गोडीत म्हणायचे, "बोरसेभाई, आमां थोडुं फेरवी नाखो ने." थोडं फिरवायचं म्हणजे डावीकडचं पान उजवीकडे न्यायचं, गुलाबीचं फिरोजी करायचं, कमळाच्या चार पाकळ्या छाटायच्या. सगळेच हे करतात आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. आपली साडी दुसऱ्याने फिरवली तर मात्र ती चोरी! म्हणून भाऊंच्या खोलीला खिडकी नव्हती. आत शिरताना मोबाइल वॉचमनकडच्या लाकडी खणात ठेवायचा आणि सुटल्यावर घ्यायचा. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे भाऊंना जेवणाच्या सुट्टीत कळायचं.

एकदा त्यांनी माझ्याच साडीचं असं शवविच्छेदन केल्यावर मी वैतागून विचारलं, "सगळ्यांचं सगळं ओळखलंत. यात तुमचं काय आहे ते सांगा की!" माझ्याशी भाऊ नेहमी पुस्तकात असतं तसं मराठी बोलायचे, कारण मी मराठी शाळेतली बाई. पण मनातलं काही निघालं की ते बायकोकडे वळायचे आणि अहिराणीत बोलायचे. तसेच लतावहिनींकडे वळून म्हणाले, "यामा मनं काय शे? हात तेवढा मना." आणि हसले. आम्हीही हसलो.

कॅमेऱ्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते माझ्या जास्वंदीमुळे. लतावहिनींनी वांग्याचं भरीत दिलं होतं. त्याचा डबा न्यायला एका रविवारी भाऊ आले आणि गॅलरीतल्या कुंडीपाशी थबकले. बराच वेळ हलेनात.

"बाई, हा मधला तुरा एवढा लांब असतो?"

"मग केवढा असतो?"

"मी आखूड काढत आलो," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "ज्याच्यावरून फिरवलं त्याने आखूड काढला होता. त्यानेही कोणावरून तरी फिरवला असणार. देशभर बायका आखूड तुऱ्याची जास्वंद नेसून फिरतायत आणि कोणाला पत्ता नाही."

मला हसू आवरेना. भाऊ मात्र डबा मांडीवर घेऊन आमच्या चपलांच्या रॅकवर बसले. जन्मभर फुलं काढली आणि फूल कधी धड बघितलं नाही, असं काहीतरी म्हणाले. मग तिथेच बसून त्यांनी आपला निश्चय सांगितला. कॅमेरा घ्यायचा. खरी फुलं बघायची, त्यांचे फोटो काढायचे आणि निवृत्त होण्याआधी त्यांच्यावरून एक साडी करायची. एकच. तिच्यातलं पान, फूल, काठ, काहीही कोणावरून फिरवलेलं नसेल.

"मोबाइल आहे की," मी म्हटलं.

"मोबाइल फुलाला वाईट दिसूच देत नाही, बाई. सगळं गोड करून टाकतो. मला आहे तसं पाहिजे. मोठा कॅमेरा पाहिजे, डीएसएलआर."

हा शब्द त्यांनी कुठून आणला कोण जाणे! त्या दिवसापासून पुढली दोन वर्षं आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. भाऊ रोज संध्याकाळी व्हिडिओ बघायचे. एका व्हिडिओतला माणूस सांगायचा, नवशिक्याने ह्या कंपनीचा घ्यावा, बटणं सोपी आहेत. दुसरा सांगायचा, छे, त्या कंपनीचा घ्यावा, माणसांच्या कातडीचा रंग छान येतो. "पण मला माणसं काढायचीच नाहीत," भाऊ मोबाइललाच उत्तर द्यायचे. क्रॉप सेन्सर, फुल फ्रेम, किट लेन्स असले शब्द ते भाजी घेतानाही बोलायचे. सकाळी ठरलेला कॅमेरा संध्याकाळी मोडायचा. मुलगी बघायला निघालेल्या माणसांनीही एवढे दोष काढले नसतील. त्यांची मुलगी तेव्हा फार्मसीला होती. लतावहिनी म्हणायच्या, "पोरनं लगन ठरी जाई, पन यास्ना कॅमेरा ठरावना नही!"

भाऊंची चप्पल दारात वाजली की आमचे हे टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरायचे. सापडायची मी. एकदा मी स्पष्टच म्हटलं, "भाऊ, बघणं बंद करा आणि एक उचला."

"न बघता घेतला आणि चुकला तर? आपल्याला एकदाच घ्यायचाय." मग जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू? जितकं बघावं तितकं गुंतत जायला होतं. तिकडे खोलीत कोंडलेला असतो आणि इथे यात."

ते ऐकून मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात नेलं.

दुकानातला तरुण मोठा तोंडाळ होता. "अंकल, डीएसएलआर तो गया. अब मिररलेस लो," म्हणत त्याने एक छोटासा देखणा कॅमेरा भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी डोळा लावला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"यात तर स्क्रीन आहे!"

"हां अंकल, छोटी स्क्रीन. फोटो जैसा आएगा, वैसा पहले से दिखेगा."

भाऊंनी तो हळूच काचेवर परत ठेवला आणि खालच्या फळीवरच्या एका दणकट, काळ्या डीएसएलआरकडे बोट दाखवलं. त्या पोराने नाखुशीने तो काढून दिला. भाऊंनी डोळा लावला, दुकानाच्या दाराकडे वळले आणि तसेच उभे राहिले. बाहेर एक केळीवाला हातगाडी लावून उभा होता. त्याच्याकडे एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

"इसमें क्या दिखता है?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"सीधा बाहर का दिखता है, अंकल. अंदर आरसो है ना. पुराना सिस्टम."

"बाई," भाऊ म्हणाले, "दिवसभर मी स्क्रीन बघतो. हे खरं आहे." आणि दोन वर्षं न सुटलेला प्रश्न तिथल्या तिथे सुटला. कंपनी कुठली, हे त्यांनी पैसे दिल्यावर वाचलं.

घरी आल्यावर पेढे वाटून झाले. लतावहिनींना आतला आरसा दाखवायला भाऊंनी लेन्स फिरवून काढली. "लता, हाऊ देख आरसा!" डोक्यावर पंखा भरधाव चालू होता. आमच्या दिंडोलीत आजूबाजूला यंत्रमागच माग. कापडाचा भुगा हवेत इतका की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोटोत, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, एक करडा ठिपका यायला लागला. आत कण जाऊन बसला होता. मी भाऊंना फैलावर घेतलं, "दोन वर्षं अभ्यास केलात आणि पंख्याखाली उघडलात?" भाऊ ओशाळले. कॅमेरा साफ करायला दुकानात न्यायला निघाले, तर लतावहिनींनी तो हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. तीट शे ती. नवी वस्तू, कोनी नजर लागाले नको."

भाऊंना हे इतकं आवडलं की तो कण त्यांनी कधीच काढला नाही. फोटो दाखवताना आधी तीट दाखवायचे, मग फूल.

ते काही महिने भाऊंचे होते. रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचे. बागेत जायचे नाहीत. कॅनॉलच्या काठाला, रेल्वेरुळांच्या पलीकडे, जिथे कोणी मुद्दाम काही लावलेलं नाही तिथे. धोतरा, घाणेरी, एरंड. रुईच्या फुलाला मधे कसा मुकुट असतो हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा ते एखाद्या पोरासारखे खूश होते. त्यावरून घरी कागदावर पेन्सिलने रेघा ओढायचे. मी म्हटलं, "भाऊ, रुई मारुतीला वाहतात. रुईची साडी कोण नेसणार?" "एक तरी नेसेल ना," भाऊ म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस ती साडी करणार.

दसऱ्याच्या दिवशी घात झाला. तो दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता, भाऊंच्याच हातून व्हायचा होता. त्यांच्या शेठकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. कामाला सुट्टी, दारं उघडी, सगळ्यांनी बायकामुलांसह यायचं, कॉम्प्युटरला झेंडूचे हार, नंतर फाफडा-जिलेबी. भाऊंच्या मनात आलं, नवं हत्यार आलंय, त्याची पहिली पूजा जिथे आपल्याला अन्न मिळतं तिथेच व्हायला हवी. लतावहिनी म्हणाल्याही, घरी करू. ते ऐकेनात. सणाच्या गडबडीत वॉचमनने पिशवी बघितली नाही. भाऊंनी आपल्या कीबोर्डशेजारी रुमाल अंथरला, त्यावर कॅमेरा ठेवला, कुंकू लावलं, आपट्याचं पान वाहिलं आणि हात जोडले.

"कॅमेरा अंदर कैसे आया?"

मागे छोटे शेठ उभे होते. मोठ्या शेठचा हा मुलगा नुकताच कारभार बघायला लागला होता. नेमकं त्याच सुमाराला त्यांचं एक नवं डिझाइन बाजारात जायच्या आधीच दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात लागलं होतं. आतलं कोण फुटलं, याचा शोध चालू होता. आणि इथे, ज्या खोलीत मोबाइलही नेता येत नाही, तिथे बोरसेभाई कॅमेऱ्याला कुंकू लावत होते.

पुढचं मला लतावहिनींनी सांगितलं. सांगताना त्या पदराचं टोक पिळत होत्या. छोट्या शेठनी सगळ्यांच्या बायकामुलांसमोर कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर फुलंच फुलं. माझी जास्वंद, कॅनॉलचा धोतरा, रुई. शेठच्या एकाही साडीचा फोटो नाही. वहिनींना वाटलं, सुटलो. पण छोटे शेठ म्हणाले, "इतने फूल? किसके लिए डिझाइन बना रहे हो?"

भाऊंनी खरं ते सांगितलं. "मेरे लिए."

"आपके लिए? आप साडी पहनते हो?"

लोक हसले. जिलेबी खाता खाता हसले. वहिनी म्हणाल्या, त्या हसण्यात रोज भाऊंच्या डब्यातलं खाणारेही होते.

मोठे शेठ मधे पडले. फार प्रेमाने बोलले. "बोरसेभाई तो घरना माणस छे." घरच्या माणसाला कोणी काढत नाही. फक्त लोकांच्या मनात काही राहू नये म्हणून कॅमेरा इथेच कपाटात राहील, आणि भाऊही इथेच राहतील. इतकंच.

त्या संध्याकाळी लतावहिनी चप्पल घालून दारात उभ्या होत्या. "मी जास नि कॅमेरा मांगीसन लयस. त्यास्ना बापना शे का?" भाऊंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. मी म्हटलं, "भाऊ, नोकरी सोडा. तुमच्यासारखा हात दुसरीकडे कोणीही घेईल." भाऊंनी दोन ठिकाणी विचारलंही. साड्यांच्या बाजारात बातमीला पाय फुटायला काय लागतं? दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, "कॅमेरावाळा बोरसे, तमे ज ने?" ज्याच्यावर डिझाइन फोडल्याचा वहीम आहे त्याला आपल्या बिनखिडकीच्या खोलीत कोण घेणार? मुलीचं शेवटचं वर्ष होतं. अख्ख्या सुरतेत भाऊंना कामावर ठेवणारे एकटे तेच शेठ उरले, ज्यांनी त्यांना चोर ठरवलं होतं. मला तेव्हा त्या मोठ्या शेठच्या प्रेमाचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

भाऊ पुन्हा कामाला जायला लागले. रविवारी घरी बसायचे. कागद-पेन्सिल कुठे गेली, मी विचारलं नाही.

नंतर एकदा संध्याकाळी जिन्यात भेटले. डबा हातात. मला बघून थांबले आणि हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"बाई, आज तीट दिसली."

"म्हणजे?"

"फिरवायला फोटो आले. कुठल्या तरी एक्झिबिशनमधल्या साड्या, चोरून काढलेले असणार. एकदम स्वच्छ फोटो. आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात करडा ठिपका. पुढच्या फोटोत तोच. सगळ्यांत तोच." डब्याची कडी ते उगाच खालीवर करत होते. "छोट्या शेठना कॅमेरा आवडलाय. ते काढून आणतात, मी फिरवतो."

ज्या कॅमेऱ्याने सुटायचं होतं त्याच कॅमेऱ्याने आणलेला माल हा माणूस आता दिवसभर स्क्रीनवर बघत बसणार होता. मी "चहा घेता का" म्हणाले. ते नको म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर भाऊंनी साड्या बघणं सोडलं. लग्नात आले तर ताटाकडे बघून जेवायचे. कोणीही, कितीही भरजरी नेसून समोरून गेलं तरी मान वर व्हायची नाही. बायकांनी पदर सैल सोडले. ज्या नजरेला आम्ही इतकी नावं ठेवली होती ती गेल्यावर मला आपलं नेसणं उगाच वाटायला लागलं.

परवा आमच्याकडे सत्यनारायण होता. माझी नणंद नाशिकहून आली होती, नवी साडी नेसून. सुरतेची साडी नाशकात विकत घेऊन सुरतेलाच नेसून आलीस, म्हणून मी तिची थट्टा केली. बोरसेभाऊ आणि लतावहिनी भिंतीला टेकून बसले होते. नणंद प्रसाद द्यायला वाकली तसा पदर घसरून भाऊंच्या अगदी समोर आला. भाऊंनी हात पुढे केला तो तसाच राहिला. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला.

पदरावर गुलाब होते. नेहमीचेच, शंभर वेळा फिरवलेले. पण प्रत्येक गुलाबाच्या उजवीकडे, वर, जरा लांब एक इवलीशी करडी कळी होती. तिला देठ नव्हता, पान नव्हतं, कुठल्याच वेलीला ती चिकटलेली नव्हती. जवळून पाहिलं तर तिला रुईच्या फुलाचा तो मुकुट होता.

"छपाईची चूक आहे का हो ही?" नणंदेने विचारलं. "सगळीकडे आहे. मला घरी गेल्यावर दिसली. म्हटलं, असू दे, बरी दिसतेय."

भाऊ बायकोकडे वळले आणि त्या कळीवर बोट ठेवलं.

"लता," ते म्हणाले, "हाई मनी शे."

लतावहिनींनी प्रसादाची वाटी खाली ठेवली, त्या कळीवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.